प्रपंच सांभाळून विद्यार्जन : डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांची विद्यार्थिदशा



आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्यावर सोपविले. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही निवडले तो आपल्या ज्ञातीत जन्मला नाही. एवढेच नव्हे तर ज्ञाती नावाच्या संस्थेचाच उच्छेद व्हावा म्हणून त्याने आपली हयात वेचली. अशा पुरुषाचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत छापणे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु ह्याच स्मरणिकेच्या पुढील पानांवर ज्या गुणवंत विद्यार्थ्यांची नावे छापली आहेत, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी आज जो प्रश्न उभा आहे, तोच प्रश्न ह्या पुरुषापुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, मिळविणारे हात थोडे, आणि मुलाच्या मनात तर दूरच्या, निवडक विद्यार्थ्यांनाच प्रवेश देणाऱ्या विद्यालयात जाण्याची उमेद. अशा वेळी मुलाने काय करावे? आमच्या माहितीत ह्या प्रश्नाला एवढ्या चिकाटीने तोंड दिलेला दुसरा महाराष्ट्रीय नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे राजकारण, घटना समितीतील कार्य किंवा धर्मांतर ह्यांविषयी आम्ही येथे लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे समर्थ पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही जन्मभर मुलांस शिकविले, सबब विद्यार्थी भीमराव एवढाच आमचा विषय.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व सैनिकी शाळेत शिक्षकही होते. रामजींच्या ह्या अपत्याचा क्रमांक चौदावा होय. पुष्कळशी अपत्ये बालपणीच गेली. निवृत्तीनंतर रामजी प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. साताऱ्यास असतानाच मातोश्री भीमाबाई वारल्या आणि मुलांचा सांभाळ मीराबाई नावाच्या आत्याकडे आला. शाळेत भीमराव व त्यांचे बंधू ह्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या तरटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागत नसे. ह्या गोष्टी मराठी वाचकांस परिचित आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

मात्र ह्याच काळातील एक लहानशी हकीकत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गावातील काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामास लागली होती व आपल्या पायांवर उभी होती. आपणही मुंबईस जावे, गिरणीत काम धरावे व वडिलांवर अवलंबून राहू नये असे भीमरावांच्या मनाने घेतले. प्रवासाला पैसा हवा, म्हणून आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबविण्याचा त्यांनी बेत केला. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तेव्हा तीत फक्त अर्धा आणा निघाला. अर्ध्या आण्यात मुंबई कुठली गाठायची? त्या रात्री त्या मुलाने गिरणीचा नाद सोडला आणि अभ्यास नेटाने करून लवकरात लवकर मिळवते व्हायचे ठरविले. त्या पिशवीत चार रुपये असते तर पुढे काय घडले असते, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. आपल्या जिल्ह्यात दिवाळी उलटली की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेस लागतात आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही, शाळेत राहण्यापेक्षा टोळीत दोन हात वाढलेले बरे, असे म्हणून बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये चढतो. त्या मुलाची बुद्धी कमी असते असे नाही. हाती लगेच येणारा पैसा त्यास दिसतो. दहा वर्षांनी येणारा दिसत नाही.

१९०४च्या सुमारास रामजी कुटुंबासह मुंबईस आले व परळ भागातील डबक चाळीत राहू लागले. एकच खोली, तीतच चूल, सरपण, भांडी, माणसे आणि अभ्यास. रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्याने दोन्ही मुलांचे शिक्षण चालविणे त्यांस झेपेना. तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले आणि धाकटे भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. चरित्रग्रंथांतून ह्या गोष्टीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतात. आम्हांस ती ओळ फार मोठी वाटते. एका भावाच्या पुस्तकांची किंमत दुसऱ्या भावाच्या शाळेने चुकती केली, हे विसरून चालणार नाही. रामजींनीही कमी केले नाही. मुलास एखादे पुस्तक हवे झाले व गाठीस पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने पैसे आणीत, आणि तेही न जमल्यास एखादीचा दागिना मागून मारवाड्याकडे गहाण ठेवीत; निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून परत करीत. खोलीत गर्दी म्हणून मुलास लवकर निजवीत, स्वतः जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास त्यास अभ्यासाला उठवून मग स्वतः अंग टाकीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या शेकडा नव्वद-पंचाण्णवच्या जमान्यात हा आकडा वाचून मुले हसतील. संस्कृत घेण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेल्याने त्यांस फारसी घ्यावी लागली होती, आणि अभ्यास झाला तो धुराने भरलेल्या खोलीत. त्यांच्या समाजात मॅट्रिक होणे ही अपूर्वाई होती. सी. के. बोले ह्यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली आणि तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ह्या तरुणास भेट दिले. केळुसकर हे शिक्षक होते, बागेत वाचीत बसणाऱ्या ह्या मुलास त्यांनीच हेरले होते. शिक्षकाने केलेल्या अशा कामाची नोंद शाळेच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही. त्याच्या अगोदरच्याच वर्षी, १९०६ साली, भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, भीमरावांचा विवाह झाला होता. वधू रमाबाई ह्या दापोलीजवळच्या वणंद गावच्या, बंदरावर हमाली करणाऱ्या भिकू धुत्रे ह्यांच्या कन्या. वधू नऊ-दहा वर्षांची, वर पंधरा वर्षांचा.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला, परंतु इंटरपर्यंत येता येता रामजींची शक्ती संपली. केळुसकर पुन्हा धावून आले. त्यांनी ह्या विद्यार्थ्याची श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांशी गाठ घालून दिली आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजातील मुल्लर नावाचे प्राध्यापक त्यांस पुस्तके व कपडेही देत. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंत हा पुत्र झाला. बापाचे वय एकवीस; वृद्ध वडील, पत्नी, तान्हे मूल. आता नोकरी धरणे प्राप्त होते.

१९१३च्या जानेवारीत ते बडोदे सरकारच्या नोकरीत दाखल झाले. पुरते पंधरा दिवस झाले नाहीत तोच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनावर वडिलांसाठी बर्फी घ्यावयास ते उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजीत होते. मुलास डोळ्यांनी पाहून, पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. ज्या बापाने दागिने गहाण ठेवून शिकविले त्यास मुलाचा एक पूर्ण पगारही पाहावयास मिळाला नाही.

ह्यानंतर जे घडले ते विद्यार्थ्यांनी बारकाईने वाचावे. महाराजांनी काही तरुणांना अमेरिकेतील कोलंबिया विश्वविद्यालयात पाठविण्याचे योजिले होते. भीमरावांनी अर्ज केला व त्यांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्याबद्दल जून १९१३मध्ये त्यांनी करारनामा लिहून दिला की, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करीन. आमच्या जिल्ह्यात हा व्यवहार कोणास समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती अंगावर फिटेपर्यंत राबायचे, हे येथे लहान मूलही जाणते. मात्र एक भेद आहे. मुकादमाची उचल लग्नात, दवाखान्यात किंवा पोटात जाते आणि पुढील वर्षी पुन्हा घ्यावी लागते. ही उचल विद्येत गेली, आणि विद्या फेडून संपत नाही. तरीही ती उचलच होती, व पुढे तिने ह्या तरुणास कसे जखडले ते लवकरच दिसेल.

जुलै १९१३मध्ये ते न्यूयॉर्क शहरी उतरले. आरंभीचे काही दिवस नवलाईत गेले असतील. परंतु लवकरच, आपण येथे कोणाच्या जिवावर आलो आहोत ह्याची जाणीव त्यांस टोचू लागली व दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. शिवाय समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे व जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञानाचे जगद्विख्यात प्राध्यापक त्यांस लाभले. शिष्यवृत्ती एका माणसापुरती होती, तीतूनच त्यांस घरी पैसे पाठवावयाचे असत. म्हणून खाण्याला कात्री लागली. पुस्तकांना मात्र नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६च्या मे महिन्यात भारतातील जातींवर एक निबंध वाचला व जूनमध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध सादर केला. त्याच वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. ह्या मित्राचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

कोलंबियाचे काम उरकताच त्यांनी लंडनचा रस्ता धरला. सेलिग्मन ह्यांनी तेथील विद्वानांच्या नावे शिफारसपत्रे दिली होती. लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात, ज्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स म्हणतात, अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन ह्या संस्थेत बॅरिस्टरीसाठी असे दोन्हीकडे एकाच वेळी नाव दाखल केले. बॅरिस्टरीची रीत आपल्याकडील वाचकांस चमत्कारिक वाटेल. तेथे परीक्षा तर द्यावयाच्याच, पण ठरलेली सत्रे भरून संस्थेच्या भोजनगृहात ठरलेल्या वेळा जेवल्याचीही नोंद व्हावी लागे. म्हणजे लंडनात राहण्याइतका पैसा असल्यावाचून केवळ बुद्धीवर बॅरिस्टर होता येत नसे.

आणि पैसाच संपला. शिष्यवृत्तीची मुदत भरली, बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. अभ्यास अर्धवट टाकून, मात्र ऑक्टोबर १९१७पासून चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून, ते परत निघाले. महायुद्ध चालू होते. जमविलेले ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणतीराने बुडाली व ग्रंथ समुद्रात गेले. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, तेच बडोद्याच्या प्रवासास उपयोगी पडले.

बडोद्याची हकीकत आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती वाचून कोणाही सभ्य मनुष्यास लाज वाटेल. लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. कचेरीतील शिपाई कागद हातात न देता लांबून टेबलावर टाकीत. शहरात एवढ्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले; अकराव्या दिवशी पारशी मंडळी काठ्या घेऊन आली आणि त्यांस बाहेर काढले. कामाठी बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. दहा वर्षांच्या चाकरीचा करार असा काही दिवसांत विस्कटला, आणि संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन संस्थानची सेवा न केल्याचा बोल मात्र त्यांच्या माथी राहिला.

मुंबईस परळच्या सुधार मंडळाच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार. त्यांनी दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. भाग-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याची एक पेढी काढली. सल्ला देणारा कोण हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. अखेरीस नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम थोडकी नव्हे. प्रथम विद्यार्थ्यांनी नाके मुरडली, पुढे दुसऱ्या कॉलेजांतील मुलेही त्यांचे व्याख्यान ऐकावयास येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी शिवू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हेही त्याच वेळचे.

आता ४५० रुपये हाती आले म्हणजे सामान्य मनुष्य काय करील? चाळ सोडील, बंगला भाड्याने घेईल, पत्नीस चार दागिने करील. बाबासाहेब त्याच दोन खोल्यांत राहिले. घरखर्चासाठी रमाबाईंच्या हाती नेमकी रक्कम देत व उरलेले लंडनसाठी राखून ठेवीत. चार वर्षांच्या परवानगीची मुदत १९२१मध्ये संपणार होती. त्या आत पैसा उभा राहिला नाही तर तीन वर्षांची मेहनत वाया. सबब दर महिन्याचा हिशेब त्या तारखेकडे पाहून चाले. घरात इतकी माणसे असता एवढी काटकसर करणे हे आम्हांस कठोर वाटते, आणि ते तसे वाटले हे लपविण्याचे कारण दिसत नाही. आनंदराव निवर्तल्यावर त्यांची पत्नी व पुत्र मुकुंद ह्यांचा भारही ह्याच घरावर आला. परंतु हेही खरे की, त्या कठोरपणाचा पहिला वाटा त्यांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतला होता.

मार्च १९२०मध्ये त्यांनी प्राध्यापकीचा राजीनामा दिला. शिल्लक पुरेशी नव्हती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी हात दिला व नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२०मध्ये ते पुन्हा लंडनास निघाले, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. आपल्याकडे एकोणतिसाव्या वर्षी मुलाने पुन्हा कॉलेजात जातो म्हटले तर भावकी काय म्हणेल ते वाचकांनीच कल्पावे.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम असा. सकाळी घरमालकीण पावाचा एक तुकडा, थोडी मासळी व चहा देई. तो पोटात घालून पायी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जावयाचे, दार उघडताच आत शिरावयाचे, आणि बंद करण्याची घंटा होऊन पहारेकऱ्याने उठविल्याखेरीज उठावयाचे नाही. दुपारच्या जेवणाचे पैसे नव्हते व वेळही नव्हता. रात्री पुन्हा तुटपुंजे जेवण, मग वाचन. मध्यरात्री भूक लागली की एका परिचिताने दिलेल्या पापडांतील दोन-चार पापड पत्र्यावर भाजून खावयाचे. सोबतीस राहणारे गृहस्थ, आता निजावे, असे सांगून थकत. ह्याच काळात ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.

इकडे परळला रमाबाई होत्या. हे चरित्र लिहिताना आमची लेखणी येथे वारंवार थबकते. पती परदेशी, येणारा पैसा नाममात्र, घरात दीर-जावांची मुलेबाळे. कोणी सहानुभूतीने चार रुपये देऊ केले तर त्या नाकारीत. गोवऱ्या थापून व काटकसर करून त्यांनी संसार चालविला ही हकीकत मराठी घरोघर ठाऊक आहे. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. चार लहानपणीच गेली, त्यांतील धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. औषधपाण्याला वेळीच पैसा असता तर त्यांतील एखादे वाचले असते काय, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो. विलायतेतील पदव्यांची फी कोणी कोणी भरली ह्याचा हिशेब मांडताना सयाजीराव, शाहू महाराज व भथेना ह्यांची नावे सर्व जण घेतात. रमाबाईंनी जे भरले ते रुपयांत लिहिता येत नाही.

१९२१च्या जूनमध्ये लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. मिळाली. मे १९२२मध्ये शाहू महाराज निवर्तले व एक आधार तुटला. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांस बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतले. मध्यंतरी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही ते जाऊन आले. ऑक्टोबर १९२२मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. पदवीसाठी सादर झाला. त्यात ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर टीका होती. परीक्षकांना ती झोंबली व त्यांनी प्रबंध सुधारून लिहिण्यास सांगितले. खिशात पैसा उरलेला नव्हता. १९२३च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, चाळीतल्या खोलीत बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि टपालाने लंडनास पाठविला. निष्कर्ष बदलले नाहीत, मांडणी तेवढी सौम्य केली. प्रबंध मान्य झाला व १९२३ साल सरण्यापूर्वी डी. एस्सी. पदवी पदरात पडली. प्रबंधाचे जे पुस्तक निघाले ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले आहे. डबक चाळीतील त्या खोलीचे ऋण असे नोंदले गेले.

बॅरिस्टर झाले तरी वकिलीची सनद घ्यावयास पैसे नव्हते. ते पुन्हा भथेनांनीच दिले. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली, पण अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार सहजी येईनात. तेव्हा १९२५ ते १९२८ बाटलीबॉय ह्यांच्या हिशेबनीस-शिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घराला हातभार लावला. कोलंबियाची डॉक्टरेट तर अजून अडकूनच पडली होती, कारण तेथील नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत, व छपाईस पैसा नव्हता. तो १९२५ साली छापला गेला, सयाजीराव महाराजांस अर्पण झाला, आणि १९२७ साली पीएच. डी. रीतसर मिळाली. प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षे! प्रवेश-अर्ज एका वर्षी नामंजूर झाला म्हणून पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्या मुलांनी हा अकराचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

रमाबाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात वारल्या. दादरचे ते घर बांधून झाले होते आणि त्यात पतीच्या ग्रंथांस ऐसपैस जागा होती. पण त्या बाईंच्या वाट्याला सुखाचे दिवस फार थोडे आले. १९४०च्या डिसेंबरात निघालेला पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ पुढे बाबासाहेबांनी रामूस, म्हणजे रमाबाईंस, अर्पण केला. तेव्हा अर्पणपत्रिका वाचावयास त्या नव्हत्या.

त्यांच्या पुढील उद्योगापैकी एकच गोष्ट आमच्या विषयात बसते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९४६च्या जूनमध्ये मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले. त्याचे वर्ग सकाळी भरत, जेणेकरून नोकरी करणाऱ्या तरुणांना वर्ग आटोपून कामावर जाता यावे. पोट भरता भरता शिकण्याची अडचण ज्याने अनुभवली होती, त्याने घड्याळाचे काटेच त्या अडचणीच्या सोयीने फिरविले. महाविद्यालये काढणारे पुष्कळ झाले. परंतु विद्यार्थ्याची हजेरी घेण्यापूर्वी त्याच्या घरच्या चुलीचा विचार करणारे थोडे.

मराठवाड्यावर तर त्यांचे उपकार विशेष आहेत. १९४८ साली निजामी राजवट संपली तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात एकही महाविद्यालय नव्हते, शहराला रेल्वे नव्हती, आणि उच्च शिक्षण म्हणजे औरंगाबाद किंवा हैदराबाद. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकावयाचे तर १९१८च्या स्थापनेपासून माध्यम उर्दू. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या किंवा गावकामगाराच्या मुलाला हा प्रवास पैशाने जितका दूर, तितकाच भाषेनेही दूर होता. अशा वेळी १९५०च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादच्या छावणी भागात कॉलेज सुरू केले. इमारतीची कोनशिला १९५१च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. त्यास वसतिगृह जोडलेले होते, आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गरीब मुलांना ते खुले होते. अंबेजोगाईचे योगेश्वरी महाविद्यालय १९५६चे व बीडचे बलभीम महाविद्यालय १९६०चे. तोपर्यंत आपल्या जिल्ह्यातील कित्येक मुलांनी, सर्व ज्ञातींच्या, मिलिंदचीच वाट धरली होती.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ त्यांपैकीच. ते सांगत की, वसतिगृहात शिष्यवृत्तीचे पैसे हाती आले की पहिल्या दिवशी निम्मी मुले टपाल कचेरीत रांगेस उभी असत, कारण त्यातले दहा-पाच रुपये गावी मनीऑर्डरने पाठवावयाचे असत. वॉर्डन हे जाणून असत व त्या दिवशी उशिरा आल्याबद्दल कोणास बोलत नसत.

१९५२च्या जूनमध्ये कोलंबिया विश्वविद्यालयाने बाबासाहेबांस बोलावून सन्माननीय पदवी दिली. १९५३च्या जानेवारीत, ज्या उस्मानिया विद्यापीठाशी मिलिंद महाविद्यालय तेव्हा संलग्न होते, त्या विद्यापीठानेही दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. १९५८ साली मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले व मिलिंद त्याच्याकडे आले. १९९४च्या जानेवारीत त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले.